तत्त्वनिष्ठ शिक्षक गोपाळ गणेश आगरकर

शिक्षण कशासाठीं, असा प्रश्न विद्यार्थ्यांस विचारला असतां बहुधा परीक्षा, पदवी आणि नोकरी या तीन शब्दांत त्याचें उत्तर मिळतें. हें उत्तर अगदींच चुकीचें आहे असें नाहीं. ज्यास पोट आहे त्यानें पोटाची विद्या शिकलीच पाहिजे. परंतु मनुष्यानें कसें जगावें या प्रश्नाबरोबरच त्यानें कशासाठीं जगावें हाही एक प्रश्न आहे, आणि तो ज्या शिक्षणांत कधीं निघतच नाहीं तें शिक्षण अपुरें होय. तत्त्वज्ञान हा शब्द कानीं पडला कीं आपल्या डोळ्यांपुढें जाडजूड ग्रंथ आणि न समजणारी भाषा उभी राहते. वस्तुतः खरें काय आणि योग्य काय, हे दोन प्रश्न निर्भयपणें विचारणें, आणि विचारान्तीं जें उत्तर मिळेल त्याप्रमाणें वागण्याची तयारी ठेवणें, एवढाच तत्त्वज्ञानाचा व्यवहारांतील अर्थ आहे. हा अर्थ ज्यांनीं आपल्या अल्प आयुष्यांत शब्दशः खरा करून दाखविला, अशा एका महाराष्ट्रीय शिक्षकाचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवावयाचें आहे. ते शिक्षक म्हणजे गोपाळ गणेश आगरकर.

आगरकरांचा जन्म ता. १४ जुलै १८५६ रोजीं सातारा जिल्ह्यांतील कऱ्हाडजवळच्या टेंभू या लहानशा खेड्यांत झाला. घरची स्थिति अत्यंत गरिबीची होती. त्यांचें प्राथमिक शिक्षण कऱ्हाडास झालें. परंतु तेथील इंग्रजी इयत्ता संपल्यावर पुढें शिकावयाचें तर पैसा कोठून आणावयाचा हा प्रश्न उभा राहिला. म्हणून त्यांनीं कांहीं दिवस कचेरींत उमेदवारी केली आणि दवाखान्यांत औषधें तयार करण्याचें कामही केलें. ज्या वयांत मुलें नव्या अंगरख्यासाठीं हट्ट धरतात, त्या वयांत हा मुलगा पुस्तकाच्या आणि शिक्षकाच्या शोधांत होता. शिक्षणासाठीं ते रत्नागिरीस पायीं गेले. परंतु तेथें जम न बसल्यामुळें त्यांस परत यावें लागलें. शेवटीं आजोळच्या नातेवाइकांच्या आश्रयानें ते वऱ्हाडांत अकोला येथें गेले, आणि तेथेंच त्यांच्या शाळेंतील शिक्षणाची घडी बसली.

अकोल्याच्या शाळेंत त्यांस विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे विद्वान आणि रसिक गुरु लाभले. महाजनी हे स्वतः ग्रंथकार असून शेक्सपियरच्या नाटकांचे मराठी अवतार करणारे होते. आगरकरांची बुद्धि तीव्र होती. परंतु परिस्थितीच्या ओढाताणीमुळें अभ्यासांत व्यत्यय येत असे. एकदां गुरुजींनीं कांहीं कठोर शब्द बोलून त्यांस टोचलें, तेव्हां आपणही तुमच्याप्रमाणेंच एम्. ए. होऊन दाखवूं अशा अर्थाचें उत्तर त्या मुलानें दिलें, असें सांगतात. पुढें त्यांनीं तें खरें करून दाखविलें. शिक्षकाचा राग आणि विद्यार्थ्याचा मान हे दोन्ही निर्मळ असले म्हणजे त्यांतून द्वेष उत्पन्न न होतां निश्चय उत्पन्न होतो, हें यावरून दिसून येतें. १८७५ सालीं आगरकर मॅट्रिक्युलेशनची परीक्षा उत्तीर्ण झाले व पुढील शिक्षणासाठीं पुण्यास डेक्कन कॉलेजांत आले.

डेक्कन कॉलेजांतील त्यांच्या दारिद्र्याच्या कथा महाराष्ट्रांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या आहेत. अंगांत घालावयास एकच सदरा असल्यामुळें तो रात्रीं धुवून वाळत घालावा आणि सकाळीं तोच पुनः घालून वर्गांत जावें, असा त्यांचा क्रम होता. परीक्षेच्या फीसाठीं पैसे नव्हते, म्हणून एक नाटक लिहून तें एखाद्या मंडळीस विकण्याचा त्यांनीं बेत केला. गणिताचे प्रसिद्ध प्राध्यापक केरो लक्ष्मण छत्रे यांस ही गोष्ट कळतांच त्यांनीं आपल्या पदरची रक्कम देऊन त्यांची अडचण दूर केली, अशी आख्यायिका आहे. अशा स्थितींत आगरकर १८७८ सालीं बी. ए. झाले.

परंतु डेक्कन कॉलेजानें आगरकरांस पदवीपेक्षां मोठी अशी एक गोष्ट दिली. ती म्हणजे तत्त्वज्ञानाची गोडी. तेव्हांचे प्रिन्सिपॉल वर्ड्‌स्वर्थ आणि प्राध्यापक सेल्बी यांच्या सहवासांत त्यांनीं इतिहास व तत्त्वज्ञान या विषयांचा कसून अभ्यास केला. जॉन स्टुअर्ट मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर या दोन इंग्रज तत्त्ववेत्त्यांचे ग्रंथ त्यांनीं परीक्षेपुरते वाचून सोडून दिले नाहींत, तर ते आपल्या मनांत मुरविले. मिलचा स्वातंत्र्यावरील निबंध १८५९ सालीं आणि स्त्रियांच्या दास्यावरील निबंध १८६९ सालीं प्रसिद्ध झाला होता. म्हणजे हे विचार त्या वेळीं विलायतेंतही अगदीं ताजे होते. मनुष्याच्या मतांवर रूढीचें दडपण नसावें, समाज हा स्थिर दगड नसून वाढणारा व बदलणारा देह आहे, आणि नीतीची कसोटी म्हणजे मानवजातीचें सुख व कल्याण होय, हीं तीन सूत्रें त्यांनीं या ग्रंथांतून घेतलीं. पुष्कळ विद्यार्थी असे विचार उत्तरपत्रिकेंत लिहून मोकळे होतात. आगरकरांनीं मात्र ते घेऊन आपल्या गांवाकडे, आपल्या घराकडे आणि आपल्या जातीकडे पाहण्यास प्रारंभ केला. येथेंच त्यांचें खरें शिक्षण सुरू झालें आणि येथेंच त्यांच्या संकटांसही आरंभ झाला.

याच काळांत बाळ गंगाधर टिळक यांच्याशीं त्यांचा स्नेह जडला. टिळक तेव्हां कायद्याचा अभ्यास करीत होते. दोघेही समवयस्क, दोघेही बुद्धिमान् आणि दोघेही देशाच्या हीन स्थितीनें व्याकुळ झालेले. कॉलेजच्या आसपासच्या टेंकड्यांवर फिरतांना त्यांचे वादविवाद तासन्‌तास चालत, आणि त्यांतून असा निश्चय झाला कीं सरकारी नोकरी पत्करावयाची नाहीं, तर अल्प वेतनावर लोकशिक्षणाचें काम करावयाचें. त्या वेळीं एम्. ए. झालेल्या तरुणास मोठ्या पगाराची जागा सहज मिळत असे. दारिद्र्यांत वाढलेल्या मुलाची आई किती आशेनें त्या दिवसाची वाट पाहत असेल, याची कल्पना करणें कठीण नाहीं. आगरकरांनीं आईस पत्र लिहून कळविलें कीं, मुलगा मोठा हुद्देदार होईल ही आशा तिनें धरूं नये. पोटापुरत्या मिळकतींत समाधान मानून आपण उरलेला सर्व वेळ परहितार्थ खर्च करणार आहों. हें पत्र महाराष्ट्राच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. त्यांत त्याग आहे. परंतु तो केवळ लिहिणाऱ्याचा नाहीं. जिला विचारल्याशिवाय हा त्याग करावा लागला, त्या माउलीचाही त्यांत वांटा आहे. तत्त्वनिष्ठेची किंमत पुष्कळ वेळां जवळच्या माणसांस द्यावी लागते, हें सत्य आपण विसरतां कामा नये.

निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं सरकारी शाळेंतील नोकरी सोडून १८८० च्या जानेवारींत पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल ही शाळा काढली होती. टिळक आरंभापासूनच तींत होते, एम्. ए. ची परीक्षा आटोपून आगरकर १८८१ सालीं त्यांस येऊन मिळाले. त्याच वर्षाच्या जानेवारींत इंग्रजी मराठा आणि मराठी केसरी हीं दोन पत्रें निघालीं. केसरीचे पहिले संपादक आगरकर होत. आज केसरी म्हटलें कीं टिळकांचें नांव तोंडीं येतें. परंतु पहिलीं सुमारें सात वर्षें त्या पत्राची धुरा आगरकरांच्या खांद्यावर होती. वर्गांत मुलांस शिकवावें आणि रात्रीं दिव्याजवळ बसून प्रौढांच्या शाळेचे, म्हणजे वर्तमानपत्राचे, धडे लिहावे, असा त्यांचा दिनक्रम झाला. ही दोन्हीं कामें त्यांच्या दृष्टीनें एकाच शिक्षणाचीं दोन अंगें होतीं.

थोड्याच दिवसांत कसोटीची वेळ आली. कोल्हापूरचे तरुण छत्रपति शिवाजीमहाराज यांस तेथील कारभारी माधवराव बर्वे यांच्याकडून छळ सोसावा लागत आहे, अशा अर्थाचा मजकूर या पत्रांनीं छापला व त्याच्या पुष्ट्यर्थ कांहीं पत्रें प्रसिद्ध केलीं. तीं पत्रें बनावट ठरलीं. बर्व्यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि जुलै १८८२ मध्यें टिळक व आगरकर यांस चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. खटला चालू असतां त्यांच्या जामिनाची व्यवस्था करण्याच्या कामीं महात्मा जोतीराव फुले यांनीं साह्य केलें, ही गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. चिपळूणकरांनीं आपल्या निबंधमालेंत फुल्यांवर जहाल टीका केली होती, आणि हे दोघे तरुण तर चिपळूणकरांचे सहकारी. तरीही फुल्यांनीं त्यांच्या हेतूची शुद्धता ओळखली. मतभेद असूनही न्यायाच्या वेळीं पाठीशीं उभें राहणें हें खऱ्या मूल्यनिष्ठेचें लक्षण होय.

मुंबईस डोंगरीच्या तुरुंगांत दोघां मित्रांनीं १०१ दिवस काढले व ता. २६ ऑक्टोबर १८८२ रोजीं ते सुटले. या दिवसांची हकीकत आगरकरांनीं एका लहानशा पुस्तकांत लिहून ठेविली आहे. तींत स्वतःविषयीं रडगाणें नाहीं. उलट विनोद आहे. कोठडींत दोघे मिळून देशाच्या भवितव्याचा वाद करीत आणि आपल्या शाळेचें पुढें मोठें कॉलेज कसें करावें याचे मनोरथ रचीत. शेक्सपियरच्या हॅम्लेट नाटकाचें आगरकरांनीं केलेलें भाषांतर विकारविलसित या नांवानें १८८३ सालीं प्रसिद्ध झालें. विचार आणि कृति यांच्या मध्यें अडकलेल्या राजपुत्राची ही कथा त्यांनीं निवडावी, यांत मोठें औचित्य आहे. हॅम्लेटास विचार सुचतो, पण त्याचा हात वेळेवर उठत नाहीं. विचाराप्रमाणें हात उठलाच पाहिजे, असा तर आगरकरांच्या सर्व आयुष्याचा आग्रह होता.

ता. २४ ऑक्टोबर १८८४ रोजीं डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली, आणि १८८५ च्या जानेवारींत मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या नांवानें फर्ग्युसन कॉलेज सुरू झालें. या संस्थेचे आजीव सभासद ठराविक व अल्प वेतनावर सर्व आयुष्य शिक्षणास वाहून घेत. ख्रिस्ती धर्मगुरूंपैकीं जेझुइट पंथाच्या लोकांनीं स्वेच्छेनें दारिद्र्य पत्करून जगभर शाळा चालविल्या, तो नमुना या मंडळींच्या डोळ्यांपुढें होता. मिशनऱ्यांच्या मतांशीं त्यांचें पटत नव्हतें. परंतु ज्ञानदानास आयुष्य वाहण्याची त्यांची रीत मात्र त्यांस अनुकरणीय वाटली. गुण जेथें दिसेल तेथून घ्यावा, हीही शिक्षणाचीच एक शिकवण आहे.

कॉलेजांत आगरकर इतिहास, तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र हे विषय शिकवीत. मुलांनीं आपलें मत स्वीकारावें यापेक्षां मुलांस स्वतःचें मत असावें, इकडे त्यांचा ओढा अधिक होता. मराठी वाक्याच्या रचनेवर त्यांनीं वाक्यमीमांसा हा ग्रंथ लिहिला. वाक्याचें पृथक्करण हा विषय शाळेंतील मुलांस रुक्ष वाटतो. पण ज्यास वाक्याचे अवयव निरनिराळे करतां येतात त्यास विचाराचेही अवयव निरनिराळे करतां येतात. कर्ता कोण, कर्म कोणतें, आणि या दोहोंचा संबंध कोणता, हें नीट पाहण्याची संवय लागली म्हणजे मोठमोठ्या शब्दांनीं मनुष्य फसत नाहीं. व्याकरण आणि विवेक यांचें असें नातें आहे.

आतां आगरकरांच्या जीवनांतील सर्वांत कठीण प्रकरणाकडे वळूं. देशाची उन्नति व्हावी याविषयीं टिळक व आगरकर यांचें एकमत होतें. परंतु आरंभ कोठून करावा याविषयीं त्यांचा मार्ग भिन्न झाला. टिळकांस असें वाटे कीं, प्रथम राजकीय हक्क मिळवावे. सामाजिक सुधारणा लोकांच्या मनांत हळूहळू उतरेल, आणि परकी सरकारच्या कायद्यानें ती लादणें अपमानास्पद आहे. आगरकरांचें म्हणणें असें कीं, ज्या समाजांत अर्धी माणसें केवळ स्त्री म्हणून अज्ञानांत ठेविलीं जातात, आठ-दहा वर्षांच्या मुलींचीं लग्नें होतात, आणि विधवा झालेल्या बालिकेचें केशवपन करून तिला कोपऱ्यांत बसविलें जातें, तो समाज राज्य मिळालें तरी तें पेलणार कसा? पाया कच्चा असतां वर कितीही मजले चढविले तरी इमारत कोसळावयाचीच. दोन्ही पक्षांस देशप्रीति होती आणि दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत वजन होतें. म्हणूनच हा कलह इतका तीव्र झाला. केसरींतून आपलीं सामाजिक मतें मोकळेपणीं मांडतां येत नाहींत असें दिसून आल्यावर १८८७ च्या ऑक्टोबरांत आगरकरांनीं त्या पत्राची संपादकी सोडली, आणि पुढच्याच वर्षीं सुधारक हें स्वतःचें पत्र काढलें. त्याचा इंग्रजी भाग कांहीं काळ गोपाळ कृष्ण गोखले यांनीं सांभाळला.

सुधारकांत आगरकरांनीं जें लिहिलें त्याचा विस्तार मोठा आहे. मुलींस मुलांप्रमाणेंच आणि मुलांबरोबरच शिक्षण द्यावें, त्यांस आपल्या पायांवर उभें राहतां येईल असें चरितार्थाचें शिक्षण मिळावें, विवाह प्रौढ वयांत व परस्पर संमतीनें व्हावे, जातिभेदाचीं बंधनें सैल व्हावीं, प्रेतसंस्कारांपासून पोषाखापर्यंत प्रत्येक रूढि बुद्धीच्या कसोटीवर घांसून पाहावी, असें त्यांनीं निर्भयपणें सांगितलें. एखादी चाल पुरातन आहे, एवढ्याच कारणानें ती पवित्र ठरत नाहीं. तसेंच एखादी चाल परकी आहे एवढ्याच कारणानें ती त्याज्यही ठरत नाहीं, हा त्यांचा मध्यवर्ती सिद्धान्त होता. १८९१ सालीं संमतिवयाचा कायदा होऊन मुलींची वयोमर्यादा दहांवरून बारा वर्षांवर नेण्यांत आली. त्या प्रसंगीं सर्व पुणें पेटून उठलें असतां आगरकर कायद्याच्या बाजूस ठामपणें उभे राहिले. सुधारणेचे शत्रु इतके चिडले कीं आगरकर जिवंत असतां त्यांची प्रेतयात्रा काढण्यांत आली, आणि ती त्यांनीं आपल्या डोळ्यांनीं पाहिली, असें सांगतात. सनातन्यांच्या शहरांत अल्प पगारावर राहून, दम्यानें जर्जर झालेल्या देहानें, रोज शिव्याशाप ऐकत जो मनुष्य आपलें मत बदलीत नाहीं, त्याच्या धैर्यास रणांगणावरील शिपायाच्या धैर्याहून कमी कोण म्हणेल?

येथें एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. आगरकर अज्ञेयवादी होते. ईश्वर व परलोक यांविषयीं मनुष्यास निश्चित ज्ञान होणें शक्य नाहीं, असें त्यांचें मत होतें, आणि नीति ही स्वर्गाच्या आशेवर किंवा नरकाच्या भीतीवर उभी न करतां माणुसकीवर उभी करावी, असें ते मानीत. आपल्यापैकीं जे श्रद्धावान् आहेत त्यांस हें मत मान्य होणार नाहीं, आणि तसें होण्याचें कारणही नाहीं. परंतु श्रद्धावंतानें या मनुष्याच्या चरित्रापुढें उभें राहून स्वतःस एक प्रश्न अवश्य विचारावा. बक्षिसाची आशा नसतां ज्यानें इतकें सोसलें, त्याच्याहून आपलें आचरण कमी प्रतीचें असेल तर आपल्या श्रद्धेचा उपयोग काय? आणि ज्यास श्रद्धा नाहीं त्यानेंही विचारावें कीं, केवळ जुनें मोडण्याचा आनंद आपण घेतों, कीं आगरकरांप्रमाणें नवें नीतिबंधन स्वतःवर लादून घेतों?

दुसऱ्यावर मत लादण्याच्या बाबतींत आगरकर स्वतःच्या घरांतही फार सावध होते. त्यांच्या पत्नी यशोदाबाई श्रद्धाळु होत्या. देवपूजा व व्रतें त्यांस प्रिय होतीं. सर्व महाराष्ट्रास बुद्धिवाद शिकविणाऱ्या या पुरुषानें पत्नीच्या देवघरास हात लाविला नाहीं. विरोधक यास विसंगति म्हणत, आणि कांहीं स्नेह्यांसही बोलणें आणि घरचें वागणें यांत अंतर दिसे. परंतु विचार करून पाहतां यांत विसंगतीपेक्षां संगतिच अधिक आहे. जो मनुष्य प्रत्येकाच्या बुद्धिस्वातंत्र्यासाठीं भांडतो, त्यानें घरांत शिरतांच हुकूमशाही गाजवावी काय? स्त्रीस स्वतंत्र मन आहे असें मानल्यावर तें मन आपल्याहून निराळें असण्याचा तिचा अधिकारही मान्य करावा लागतो. तत्त्वज्ञान मनुष्यास ठाम बनवितें. खरें तत्त्वज्ञान त्यास सहिष्णुही बनवितें.

१८९० सालच्या अखेरीस टिळकांनीं डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला. सभासदांनीं बाहेरची मिळकत करावी कीं नाहीं, वेतन किती असावें, संस्थेंत कोणाचें मत चालावें, अशा अनेक वादांचा तो शेवट होता. ज्या दोघांनीं टेंकडीवर बसून आयुष्याची शपथ घेतली, एकाच कोठडींत १०१ दिवस काढले, ते आतां दोन प्रतिस्पर्धी पत्रांचे संपादक म्हणून एकमेकांवर कठोर शब्दांचा वर्षाव करूं लागले. या भांडणांत कांहीं शब्द दोघांच्याही लेखणींतून असे निघाले कीं ते निघाले नसते तर बरें झालें असतें. थोर माणसेंही माणसेंच असतात. मूल्यांसाठीं भांडतांना मित्राचें मन किती दुखवावें याची मर्यादा सांभाळणें, हें कदाचित् सर्वांत कठीण मूल्य होय.

कॉलेजचे प्रिन्सिपॉल वामन शिवराम आपटे १८९२ सालीं अकालीं वारले, तेव्हां ती जबाबदारी आगरकरांवर पडली. प्रिन्सिपॉल या नात्यानें त्यांस तीनच वर्षें मिळालीं. दम्याच्या विकारानें त्यांचें शरीर पोखरलें होतें, तरी अध्यापन आणि लेखन हीं दोन्हीं चालूच होतीं. याच कॉलेजांत गणित शिकविण्यास आलेले धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं एका विधवेशीं पुनर्विवाह केला. कर्व्यांस त्यांच्या गांवानें वाळींत टाकलें; परंतु कॉलेजांतील त्यांचें स्थान अढळ राहिलें. पुढें १८९६ सालीं त्यांनीं विधवांसाठीं आश्रम काढला आणि १९१६ सालीं महिला विद्यापीठ स्थापिलें. आगरकरांनीं लेखणीनें जें बीं पेरलें, त्याचें झाड कर्व्यांनीं हातांनीं वाढविलें.

ता. १७ जून १८९५ रोजीं, वयाचीं ३९ वर्षेंही पूर्ण झालीं नसतां, आगरकरांनीं इहलोकची यात्रा संपविली. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडूं नये म्हणून त्यांनीं त्या खर्चापुरती लहानशी रक्कम पुडींत बांधून ठेविली होती, आणि ती त्यांच्या मृत्यूनंतर सांपडली, असें सांगतात. कॉलेजच्या प्रिन्सिपॉलाची ती शिल्लक! त्यांच्या अखेरच्या दुखण्यांत टिळक त्यांस भेटून आले होते. पुढें केसरींत मृत्युलेख लिहितांना त्या वज्रासारख्या कठोर पुरुषाच्या डोळ्यांतून अश्रु वाहत होते, आणि एरव्हीं झरझर चालणारी त्यांची लेखणी त्या दिवशीं पुनःपुनः थांबत होती, असें जवळच्यांनीं नमूद करून ठेविलें आहे. आठ वर्षें जें वैर दिसत होतें त्याच्या तळाशीं स्नेहाचा झरा आटला नव्हता, हें त्या अश्रूंनीं सिद्ध केलें.

आगरकर गेल्यास आतां शंभराहून अधिक वर्षें लोटलीं. त्यांच्या ज्या मागण्यांवर लोकांनीं चिखलफेक केली, त्यांतील पुष्कळ आज कायद्यांत आल्या आहेत. १९२९ सालीं बालविवाह-प्रतिबंधक कायदा झाला. २००९ सालीं सहा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलामुलींस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा झाला. आणि १९७६ सालीं भारताच्या राज्यघटनेंत नागरिकांचीं जीं मूलभूत कर्तव्यें घालण्यांत आलीं त्यांत वैज्ञानिक दृष्टि, मानवतावाद आणि जिज्ञासा यांचा विकास करणें हेंही एक कर्तव्य सांगितलें आहे.  तथापि कायदा पुस्तकांत येणें निराळें आणि मनांत उतरणें निराळें. मुलीच्या लग्नांत अजून पैशाची देवघेव होते, जातीवरून माणसाची पारख होते, आणि शिकलेला मनुष्यही संकट आलें कीं बुद्धि गहाण टाकून गंडेदोरे शोधूं लागतो. यावरून पदव्या वाढल्या तरी शिक्षण वाढलेंच असें म्हणतां येत नाहीं, हें उघड आहे.

विद्यार्थिमित्रहो, आगरकरांसारखें दारिद्र्य तुम्हांपैकीं प्रत्येकाच्या वांट्यास यावें असें कोणी इच्छिणार नाहीं, आणि त्यांचें प्रत्येक मत तुम्ही स्वीकारावें असाही आग्रह नाहीं. तसा आग्रह धरणें म्हणजे त्यांच्याच शिकवणीचा भंग करणें होय. त्यांच्यापासून घ्यावयाचें तें इतकेंच कीं, जें वाचाल तें तपासून पाहा. जें पटेल तें आचरणांत आणा. आचरणांत आणतांना किंमत पडली तर ती स्वतः द्या, दुसऱ्याच्या खांद्यावर टाकूं नका. आणि ज्यास तें पटत नाहीं त्याच्याशीं वाद करा, परंतु त्याचा द्वेष करूं नका. गणित, भूगोल आणि भाषा यांचे तास घंटा वाजतांच संपतात. खरें काय आणि योग्य काय, या विषयाचा तास मात्र शाळा सुटल्यावर सुरू होतो आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत चालतो. त्या तासास आगरकर एकही दिवस गैरहजर राहिले नाहींत, हेंच त्यांचें थोरपण होय.